जहाजाच्या टाकीतला गोबरगॅस

गोबरगॅस म्हटले की गोठ्यामागची टाकी, तिच्यावरचा तरंगता लोखंडी ड्रम आणि शेगडीवरची निळी ज्योत डोळ्यांसमोर येते. हाच वायू समुद्रावरची जहाजे चालवतो, असे सांगितले तर चटकन खरे वाटणार नाही. पण नॉर्वेच्या किनाऱ्यावर हे घडते आहे.

जगाच्या व्यापारातला सुमारे ८० टक्के माल समुद्रमार्गे जातो. बहुतेक मोठी जहाजे वर्षानुवर्षे जे तेल जाळत आली, ते म्हणजे तेलशुद्धीकरणातला तळाचा गाळ. इतका दाट, की तापवल्याशिवाय नळीतून सरकत नाही. त्यात साडेतीन टक्क्यांपर्यंत गंधक चालत असे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली.

नॉर्वेने याआधीच दुसरी वाट धरली होती. तिथे २००० साली 'ग्लुट्रा' ही मोटारी वाहून नेणारी फेरीबोट नैसर्गिक वायूवर धावू लागली. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की द्रवरूप होतो आणि सहाशेपट कमी जागेत मावतो. यालाच एलएनजी म्हणतात. तो जळताना गंधकाचा धूर जवळजवळ नाही, काजळी अगदी थोडी, आणि कार्बन डायऑक्साइड तेलापेक्षा वीस ते पंचवीस टक्के कमी. फायदा उघड आहे.

मग अडचण कुठे? इंजिनात जाणारा सगळा मिथेन जळत नाही. सिलिंडरच्या कडाकपारीत थोडा अडकतो आणि तसाच धुराड्यातून बाहेर पडतो. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. वीस वर्षांचा हिशेब धरला तर ८० पटींहून अधिक.

आता थोडे गणित करू. एक किलो मिथेन जळाला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेवढीच उष्णता डिझेलमधून मिळवायची तर साधारण पावणेचार किलो. म्हणजे बचत एका किलोची. पण शंभर भागांतले तीन भाग न जळता निसटले, तर त्या तीस ग्रॅमची बरोबरी ८४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडशी होते. बचतीतला मोठा वाटा तिथेच गेला. वीस वर्षांच्या हिशेबाने तर व्यवहार सरळ तोट्याचा. सगळी इंजिने सारखी नसतात. मोठ्या दाबाने वायू आत सोडणाऱ्या इंजिनांत गळती फारच कमी असते. पण फेरीबोटींत बहुधा कमी दाबाची इंजिने असतात आणि त्यांची गळती अधिक. एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने २०२४ मध्ये अशा इंजिनांच्या जहाजांवरची मोजमापे प्रसिद्ध केली. सरासरी गळती ६.४ टक्के निघाली.

इथे बायोगॅसचा विचार येतो. शेण, खरकटे, मासळीचा टाकाऊ भाग कुजवून निघालेला वायू शुद्ध केला की उरतो तोच मिथेन. तो गोठवून त्याच टाकीत भरता येतो, त्याच इंजिनात जाळता येतो. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या उत्तरेला स्कोग्न इथे मत्स्यशेतीतला टाकाऊ माल आणि कागदगिरणीचे सांडपाणी यांपासून असा द्रवरूप वायू तयार होतो. यातला कार्बन जमिनीखालून उपसलेला नाही. तो वनस्पतींनी नुकताच हवेतून घेतलेला असतो. शिवाय उघड्यावर कुजून हवेत जाणारा मिथेन कामी लागतो. मात्र कचरा मोजकाच, आणि त्यावर बस, ट्रक, कारखाने यांचाही डोळा आहे. जगातली सगळी जहाजे त्यावर चालणार नाहीत.

आणि एक गोष्ट, श्रोतेहो, विसरता येत नाही. मिथेन समुद्रतळातून आलेला असो की शेणातून, धुराड्यातून निसटला की त्याचा उपद्रव तोच. घरच्या सिलिंडरमधला गॅस गळाला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम घातलेला असतो. जहाजावरच्या मिथेनला वासही नाही आणि रंगही नाही. ती गळती फक्त मोजून कळते.

म्हणूनच युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून जहाजांच्या इंधनाचा हिशेब करताना मिथेनही त्यात धरला, हे महत्त्वाचे. आज बांधलेले जहाज पंचवीस-तीस वर्षे चालते. तेव्हा इंजिन निवडतानाच विचारायला हवे, की वायू कुठून येणार आणि त्यातला किती न जळता निसटणार. आपल्याकडे शेगडीची ज्योत मंदावली की घरातली बाई आधी साबणाच्या पाण्याने नळीचे सांधे तपासते. जहाजमालकांनीही तेच करायचे आहे.