दुखणं किती वाजता सुरू झालं?

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात रुग्णालयाची तत्परता मिनिटांत मोजतात: पोहोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी, ९० मिनिटांत अँजिओप्लास्टीने बंद रक्तवाहिनी उघडणं. पण हे घड्याळ रुग्णालयाच्या दारात सुरू होतं. आपल्या नागपुरात, मोमिनपुरा असो की ताजबाग, 'गॅस असेल' म्हणत घरी घालवलेले दोन तास त्यात येत नाहीत. एका दवाखान्यातून दुसरीकडे पाठवलं, तर तिथे अनेकदा मोजणी नव्याने सुरू होते. हृदयाचं नुकसान मात्र चालूच असतं. म्हणून मी तुम्हाला तीनच गोष्टी मागतो. छातीत दुखू लागल्याची वेळ लिहा. लगेच १०८ ला फोन करा. पोहोचताच ईसीजी करायला सांगा. ती लिहिलेली वेळ असेल, तरच मोहल्ल्यात होणारा उशीर मोजता येईल.