पाणी न धरणारा कालवा

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो आणि गॉलवे या दोन परगण्यांच्या हद्दीवर काँग नावाचं खेडं आहे. चालायला लागलात तर दहा-पंधरा मिनिटांत गाव संपतं. उत्तरेला लॉख मास्क, दक्षिणेला लॉख कॉरिब अशी दोन अफाट तळी आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. आयरिश भाषेत गावाच्या नावाचा अर्थही तोच.

मास्कचं पाणी कॉरिबमध्ये उतरतं, पण उतरताना दिसत नाही. खाली सगळा चुनखडीचा दगड, भेगांनी पोखरलेला. पाणी मास्कच्या बाजूला जमिनीत शिरतं आणि गावाजवळ झऱ्यांमधून वर येतं.

गावातल्या जुन्या ख्रिस्ती मठातल्या साधूंना हे पाणी कळलं होतं. त्यांनी नदीवर एक दगडी खोली बांधली. तिच्या जमिनीला भोक आहे, त्यातून जाळं खाली सोडायचं. थंडीसाठी शेजारी शेकोटी. मासा अडकला की दोरी ओढायची आणि मठाच्या मुदपाकखान्यात घंटा वाजायची, असं सांगतात. खरं असो-नसो, स्वयंपाक्याची सोय मोठी! आयर्लंडचा शेवटचा महाराजा रोरी ओ'कॉनर राज्य सोडून याच मठात येऊन राहिला आणि ११९८ साली वारला.

मग १८४५ पासून बटाट्यावर, म्हणजे गरिबांच्या रोजच्या जेवणावरच, रोग पडला. देशभरात सुमारे दहा लाख माणसं दगावली. मेयो तर होरपळून निघाला. लोकांच्या हाताला काम हवं म्हणून सरकारनं १८४८ मध्ये दोन तळी जोडणारा कालवा खोदायला घेतला. दुष्काळी कामच ते. गॉलवेहून बोटी थेट मास्कमध्ये जाणार होत्या. उपाशी माणसांनी खडक फोडला, घडीव दगडांच्या भिंती उभ्या केल्या, बोटी वरखाली करायचे हौद बांधले. १८५४ मध्ये काम थांबलं. रेल्वे येत होती, हेही एक कारण. पण जो दगड अख्ख्या तळ्याचं पाणी गिळतो, तो कालव्याचं काय सोडणार? साधूंना विचारायला हवं होतं.

  

१९५१ मध्ये दिग्दर्शक जॉन फोर्ड काँगमध्ये 'द क्वाएट मॅन' या सिनेमाचं चित्रीकरण करायला आला. पडद्यावर ज्या गुत्त्यात मंडळी पितात, ते खरं तर गावातलं दुकान होतं. पुढे त्याचा खराखुरा गुत्ता झाला. आजही पुष्कळ पर्यटक येतात ते या सिनेमापायी.

तुमचं कधी जाणं झालं, तर कालव्यावरच्या पुलावर जरा थांबा. हिवाळ्यात पाणी दिसेल, उन्हाळ्यात कोरडे दगड. त्यातून आजवर एकही बोट गेलेली नाही.