भिंत माझी, इमारत आपली

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरदुरुस्तीवर चार शब्द बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, मी इंजिनिअर नाही. सगळी नोकरी बँकेत गेली. ते म्हणाले, "काका, तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीची गोष्ट सांगा, तेवढी पुरे." म्हणजे माझी फजितीच सांगायची होती. तर सांगतो.

आपण इथं राहायला आलो तेव्हा सगळ्यांची स्वयंपाकघरं सारखीच होती. साधारण आठ बाय नऊ. ओटा खिडकीकडे, आणि हॉलच्या बाजूला सरळ भिंत. पाहुणे आले की मी हॉलमध्ये गप्पांत आणि आमची ही आत. आधी पोहे बाहेर येत, मग चहा येई आणि सगळ्यांत शेवटी ती. आल्यावर विचारी, "एवढं कशाला हसलात?" विनोद दुसऱ्यांदा सांगताना त्यातली गंमत गेलेली असते. मग मी म्हणे, "काही नाही गं, असंच." बावीस वर्षं हे चाललं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

ते दिसलं सूनबाईला. तीन वर्षांपूर्वी ती म्हणाली, "बाबा, ही मधली भिंत काढू या. आई दिवसभर आत एकट्याच असतात." मी हिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, ही नको म्हणेल. ही म्हणाली, "ओटा सारखा आवरून ठेवावा लागेल." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "पण काढा."

कंत्राटदार आला, त्यानं भिंतीवर दोनदा टकटक केलं. "काका, चार इंची भिंत आहे. काही होत नाही. सकाळी पाडतो, संध्याकाळी राडारोडा साफ." मीही हो म्हणालो. आता गंमत ऐका. मी सेक्रेटरी असताना माझ्याच सहीची नोटीस फलकावर लागलेली होती : कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय सदनिकेत कोणतेही अंतर्गत बदल करू नयेत. आणि कर्जाच्या फायलीला मंजूर नकाशा जोडला नसेल, तर ती परत पाठवण्यात माझी हयात गेली. पण स्वतःच्या घराची वेळ आली, तेव्हा मला ना नोटीस आठवली, ना नकाशा.

दुसऱ्या दिवशी घण पडायला लागले. अर्ध्या तासात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या वहिनी. हाताच्या ओंजळीत प्लास्टरचा ढपला. "भाऊजी, आमच्या देवघरासमोर हे पडलं. मी नुकतीच पूजा करून उठले होते." बस, एवढंच. आवाज चढवला नाही, की भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मला काही उत्तर देता आलं असतं. मी काम थांबवलं आणि त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांचं छत दुरुस्त करून दिलं, पण तो ढपला अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मग रीतसर अर्ज केला. आपल्या तरुण सेक्रेटरींनी तो परत पाठवला. शेरा होता : स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र जोडलेले नाही. बँकेत मी लोकांना जे केलं, ते मला व्याजासह परत मिळालं!

इंजिनिअर आले आणि त्यांनी मला तासभर जे शिकवलं, त्यासाठीच आज मी इथं उभा आहे.

पहिली गोष्ट. आपली इमारत आरसीसीच्या सांगाड्याची आहे. स्लॅबचं वजन बीमवर, बीमचं कॉलमवर आणि कॉलममधून ते पायात जातं. मधली चार इंची भिंत फक्त आडोसा असते. पण हे प्रत्येक इमारतीला लागू नाही. जुन्या वाड्यांत आणि चाळींत भिंतच वजन पेलते. आणि आपल्या मुलांनी जे नवे उंच टॉवर घेतलेत, त्यांतल्या कित्येकांत ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्याच भिंती आहेत. तिथं आतलीसुद्धा भिंत फोडायची नाही. टकटक करून यातलं काही कळत नाही. मूळ स्ट्रक्चरल नकाशाच पाहावा लागतो.

दुसरी गोष्ट. माझ्या भिंतीचं एक टोक भिंत नव्हतंच, तो कॉलम होता, वर प्लास्टर सारखंच म्हणून कळत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या माळ्याची एक कडाही त्याच भिंतीवर टेकलेली. कंत्राटदार सगळी भिंत पाडणार होता. तसं झालं असतं, तर हिची पितळी भांडी, दिवाळीचे डबे आणि माळ्याची फरशी, सगळंच खाली आलं असतं. खाली कोण उभं असतं, ते सांगायला नको.

तिसरी गोष्ट वजनाची. तेवढ्या विटांच्या भिंतीचं वजन जवळजवळ दीड टन भरतं. घराच्या खोल्यांचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून आखतात. पाडलेल्या विटांचा ढीग हॉलच्या एका कोपऱ्यात रचला, तर तो हिशेब कुठच्या कुठं जातो. म्हणून राडारोडा गोण्यांत भरायचा, पसरून ठेवायचा आणि रोजच्या रोज खाली न्यायचा.

शेवटी काम असं झालं. सगळी भिंत न काढता मधोमध पाच फूट रुंद खिडकीसारखं उघडं केलं. खाली कट्ट्याएवढी भिंत ठेवली. आधी माळ्याला टेकू दिले, मग घणाऐवजी कटर मशीननं भिंत कापली, आणि वर लिंटेल टाकलं, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच टेकेल असं. भिंतीतल्या वायरी आधी काढून फिरवल्या. गॅसची पाइपलाइन जिथं होती तिथंच ठेवली. ती हलवायचीच असती, तर गॅस कंपनीच्याच माणसाकडून. सिंकची जागाही बदलली नाही, कारण आपलं सिंक सरकलं की खालच्यांच्या बेडरूमवर पाणी सरकतं. पालिकेची परवानगी लागते की नाही, हे कामाच्या स्वरूपावर ठरतं. ते कंत्राटदाराला विचारू नये. आर्किटेक्टकडून लेखी घ्यावं.

आता फायदा-तोटा दोन्ही सांगतो, बँकवाला आहे. तोटा असा, की मिरचीची फोडणी पडली की हॉलमधल्या पाहुण्यांसकट सगळे खोकतात. चिमणी बसवली तरी सुके बोंबील भाजले की सोफ्याला दोन दिवस वास येतो. मिक्सर लागला की टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत नाहीत, पण तो तोटा धरायचा की नाही, हे तुम्हीच ठरवा. फायदा एकच. आता सगळे एकाच वेळी हसतो. आणि ही किती वेळ उभी असते, ते मला दिसायला लागलं. कट्ट्याच्या अलीकडे खुर्ची टाकून मी भाजी निवडतो. मेथी मला बरी जमते, गवारीबद्दल तक्रारी आहेत.

मित्रहो, एक गंभीर गोष्ट सांगून थांबतो. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला एक इमारत कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. ज्यांचा जीव गेला, त्यांनी स्वतः कुठं हातोडा मारला होता?

आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी व्हायला हवं. ऑडिटच्या वर्गणीवरून आपल्या सभेत किती वाद होतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझी कमिटीला एक सूचना आहे. प्रत्येक सदनिकेची एक फाइल ठेवा आणि आत काय बदललं, कधी बदललं, इंजिनिअर कोण, ते तिच्यात लिहा. पहिली फाइल माझी घ्या. परवानगीआधी जे घण पडले, तेही तिच्यात लिहून ठेवा.

भिंत माझी असली तरी इमारत आपली आहे. भिंती जरूर उघडा, घरातली माणसं एकमेकांना दिसू देत. फक्त त्याआधी एक जिना उतरा आणि खालच्यांची बेल वाजवा.