होडीतला इतिहास
(केंद्र संमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



नागपूर जिल्ह्यातील शिक्षकाने समुद्रातील बेटाविषयी बोलावे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. आपल्या शाळांतील बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. मोठे पाणी म्हणजे त्यांच्या लेखी गावचा तलाव, कन्हान, किंवा फार झाले तर पुरातली वैनगंगा. तरीही आज कोकणातील जंजिऱ्याविषयी बोलण्याचे मी योजिले आहे. स्थानिक इतिहास शिकविताना जी अडचण आपल्या वाटेत हटकून येते, ती मला तेथील होडीत जितकी स्पष्ट दिसली तितकी अन्यत्र कोठेही दिसली नाही. गावचा इतिहास सांगणारी माणसे असतात, ती मोठ्या गोडीने सांगतात. पण त्यांचे सांगणे फळ्यावर जसेच्या तसे लिहावे काय, ही ती अडचण.

रायगड जिल्ह्यात मुरूड गावाजवळ राजापुरी नावाचे कोळी वस्तीचे बंदर आहे. तेथून शिडाच्या होडीत बसावयाचे, आणि वारा अनुकूल असला तर थोड्याच वेळात काळ्या तटाशी जाऊन पोहोचावयाचे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. खडकाचे एक बेट आणि त्या बेटाच्या कडेकडेने पाण्यातून वर उठलेला तट, एवढेच प्रथम दिसते. दरवाजा कोठे आहे तो अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. ‘जंजिरा’ हा शब्दच मुळी बेट या अर्थाच्या ‘जझीरा’ या अरबी शब्दावरून आला, आणि मराठीत तो पाण्यातील कोणत्याही किल्ल्यास लावण्याचा प्रघात पडला. येथील सिद्दी मूळचे हबशी, म्हणजे आफ्रिकेतील हबसाणातून आलेले. म्हणून मराठी कागदपत्रांत त्यांच्या मुलुखालाही हबसाण असेच नाव पडले. एवढेशा बेटावरून चाललेल्या या संस्थानाकडे दूर काठेवाडातील जाफराबादही होते, हे ऐकून आपल्या भूगोलाच्या शिक्षकांना मौज वाटेल.

शीड फुगले की होडीवाला बोलू लागतो. किल्ला बावीस एकरांचा, बांधावयास बावीस वर्षे लागली, बुरूज बावीस, आणि तटावर कलालबांगडी नावाची जी प्रचंड तोफ आहे, तिचे वजन बावीस टन! होडीतील मंडळी माना डोलवितात. एकच आकडा इतक्या ठिकाणी नेमका बसू लागला, म्हणजे शिक्षकाच्या मनात शंका यावी हे साहजिक आहे. दगडी तटाचे काम बुऱ्हाणखानाने १५६७ ते १५७१ या काळात केले असे पुस्तकांतून सांगितलेले असते. पुढील सिद्द्यांनी त्यात भर घातली. बुरुजांची संख्या कोणी एकोणीस देतो, कोणी सव्वीस. मी होडीतूनच मोजावयास लागलो, तेव्हा होडीवाला हसून म्हणाला, “गुरुजी, आमच्या आज्यापासून बावीसच आहेत!”

होडी किल्ल्याला पुरता वळसा घालीत नाही, त्यामुळे मोजणी एका बाजूपुरतीच झाली. परंतु मोजताना एक प्रश्न लगेच उभा राहिला : ढासळलेला बुरूज धरावयाचा की नाही? पुस्तकापुस्तकांत आकडे का बदलतात याचे एक कारण त्या प्रश्नातच दडलेले आहे, आणि ते चौथीच्या मुलासही कळण्याजोगे आहे. ज्या मुलाने एकदा स्वतः मोजले, त्याला छापील आकडाही कोणीतरी मोजूनच लिहिलेला असतो हे निराळे समजावून द्यावे लागत नाही. म्हणून होडीवाल्याचे बावीस मला टाकाऊ वाटत नाही. ज्यांच्याजवळ दप्तर नव्हते त्यांनी आठवण राहावी म्हणून मारलेली ती गाठ आहे. गाठ सोडवून पहावयाची असते, कापून टाकावयाची नसते.

दरवाजाशी उतरताना एक शिल्प दिसते. सिंहासारखा एक पशू आहे आणि त्याने आपल्या पंजांत हत्ती दाबून धरले आहेत. सिद्द्यांनी ज्या सत्तांना नमविले त्या सत्ता म्हणजे हे हत्ती, असा अर्थ तेथे सांगतात. आता आपण वैदर्भीय माणसे. चंद्रपूरच्या कोटाच्या दरवाजांवर गोंड राजांचे चिन्ह आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. तेथेही सिंहाने हत्तीवर मात केलेली आहे. चंद्रपूर कोठे आणि मुरूड कोठे! एका घराण्याच्या पराक्रमाची म्हणून सांगितलेली खूण इतक्या दूर दुसऱ्या घराण्याच्या दारावर भेटते, तेव्हा ती बळाची सर्वमान्य खूण असावी असे मला वाटते. कोकणातील मुलांना हे सुचणे कठीण. आपल्या मुलांना चंद्रपूर दाखविले असेल तर सहज सुचेल.

किल्ला सिद्द्यांकडे कसा आला, याची कथा तर फारच रंगते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस या खडकावर कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता आणि राम पाटील त्यांचा प्रमुख होता. अहमदनगरच्या निजामशाहीचा पिरमखान व्यापारी बनून गलबते घेऊन आला. त्याने कोळ्यांस मद्य पाजले, आणि मग पेट्यांतून लपविलेले सैनिक बाहेर पडून त्यांनी कोट घेतला. आता ट्रॉयचा लाकडी घोडा आठवा. शेरशहाने रोहतासगड डोल्यांतून शिपाई नेऊन घेतल्याची कथाही बिहारात सांगतात. कथेचा साचा जुना आहे. याचा अर्थ घटना घडलीच नाही असा नव्हे. कोट कोळ्यांचा होता आणि तो त्यांच्या हातून गेला, एवढा गाभा राहतोच. पेट्या मात्र दुसऱ्या गावाहून आलेल्या असू शकतात. मुलांना हा भेद सांगताना गोष्टीची गोडी मुळीच कमी होत नाही, असा माझा अनुभव आहे.

येथे होडीवाला अभिमानाने ‘अजिंक्य’ हा शब्द वापरतो. एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, की कोळ्यांकडून तो घेतला गेला होता ना? त्या मुलाला गप्प करू नये. १६७० च्या सुमारास फत्तेखान सिद्दी किल्ला शिवाजी महाराजांच्या स्वाधीन करण्याच्या बेतात होता. त्याच्याच सरदारांनी त्याला दूर सारले आणि मोगलांचा आश्रय धरला, म्हणून तो हातचा गेला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून सेतू बांधण्याचा उद्योग आरंभिला होता. मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे तो अर्धा सोडावा लागला. तटाच्या उंचीपेक्षा या दोन प्रसंगांचा विचार करताना किल्ला का टिकला ते अधिक कळते.

लाय पाटील या कोळ्याची हकीकतही तेथे ऐकावयास मिळते. मोरोपंतांच्या मोहिमेत त्याने रात्री तटाला शिड्या लावल्या, पण मागून यावयाचे सैन्य वेळेवर आले नाही आणि पहाटे परतावे लागले. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. समुद्रावर राहणाऱ्याने पालखी घेऊन करावयाचे काय, असे तो म्हणाला. तेव्हा महाराजांनी त्याला गलबत दिले आणि त्या गलबताचेच नाव ‘पालखी’ ठेविले, असे सांगतात. सिद्द्यांच्या तटाचे कौतुक आणि लाय पाटलाच्या शिड्यांचे कौतुक एकाच होडीत, एकाच आवाजात होते. आमच्या वर्गात मात्र सिद्दी म्हणजे केवळ शत्रू, एवढ्यावर धडा संपतो.

सांगीव गोष्टीच्या पलीकडे कागदही बोलतो. जवळच कासा बेटावर महाराजांनी पद्मदुर्ग बांधला. त्याला पैसा व धान्य वेळेवर न पोहोचविणाऱ्या जिवाजी विनायक या सुभेदारास महाराजांनी जानेवारी १६७५ मध्ये खरमरीत पत्र लिहिले. हबशाने काही देऊन तुम्हाला आपले चाकर केले असावे, असा संशय त्यात स्पष्ट व्यक्त केला आहे. समुद्रातील लढाई तांदळाच्या पोत्यांवरही कशी अवलंबून असते, हे त्या एका पत्रावरून मुलांस जितके समजेल तितके दहा लढायांच्या सनावळीवरून समजणार नाही.

आत गेल्यावर मला सर्वांत अधिक चटका लागला तो मोडक्या घरांचा. येथे एके काळी गाव नांदत होते, मोहल्ले होते, खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत, ते आजही आहेत. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, राजाश्रय संपला, आणि हळूहळू सारी वस्ती किनाऱ्यावर उठून गेली. तोफांची नावे सर्वांना पाठ आहेत. त्या तळ्यावर पाणी भरणाऱ्या बायका कोठे गेल्या, त्यांच्या नातवंडांना काय आठवते, हे होडीतल्या कोणी विचारले नाही.

आता आपल्याकडे या. नागपुरात शुक्रवारी तलावाच्या, म्हणजे गांधीसागराच्या, मध्यावरही एक लहानसे बेट आहे आणि त्यावर शंकराचे देऊळ आहे. याच तलावाला जुम्मा तलाव असेही म्हणतात. शुक्रवार आणि जुम्मा, वार एकच, भाषा दोन. येथूनच धड्यास प्रारंभ करता येईल. पूर्वेकडील गावांतून ‘मामा तलाव’ असतात. हा कोणाच्या मामाचा, असे मुले विचारतात आणि गावातील वडीलधारे एखाद्या मामाची गोष्टही सांगतात. वस्तुतः ते ‘माजी मालगुजारी’ या शब्दांचे आखूड रूप आहे. आपला भाग मध्यप्रदेशात होता तेव्हा, १९५१ मध्ये, मालगुजारी संपली आणि तलावांच्या नावात ‘माजी’ शिरले. मामाची गोष्ट तरीही वहीत उतरून घ्यावी. मात्र समोरच्या पानावर मालगुजारीची हकीकत लिहावी, आणि कोणती कोणी सांगितली ते नावानिशी नोंदवावे. मालगुजारी प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता गावोगाव हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

माझी विनंती एवढीच की, धानाची कापणी आटोपल्यावर एखाद्या शनिवारी वरच्या वर्गातील मुलांना तलावाच्या पाळीवर न्यावे. ढिवर बांधवांची नाव मिळाली आणि पाणी उथळ असले, तर पालकांची संमती घेऊन चार-चार मुलांना नावेतून फिरवावे. पोहणारा माणूस बरोबर असलाच पाहिजे. पाळ किती पावलांची, सांडवा कोणत्या दिशेस, पाटाचे पाणी कोणाच्या बांधीत जाते, तलाव कोणी खोदला असे कोण म्हणतो, इतके मुलांनी लिहून आणावे. पुढील संमेलनास येताना त्या वह्या सोबत आणाव्या. आपण त्या येथे बसून वाचू.