मागच्या गेटवर माल उतरवताना



आज आपण दुकानाच्या मागच्या गेटबद्दल बोलणार आहोत. तालुक्याच्या गावी आता मोठमोठी सुपरमार्केट झाली आहेत. कुणी त्यांना मॉल म्हणतं, कुणी बाजार. आपल्याकडे हे अगदीच नवं नाही. वारणानगरचा वारणा बाजार तर सहकारातून कधीचा उभा आहे. पण आता अशा दुकानांत आपल्या गावच्या मुली आणि सुना रोज सकाळची एसटी पकडून कामाला जातात. शिवाय आपल्या बचत गटांचे मसाले, पापड, शेवया, लोणची याच दुकानांत विकायला जातात. म्हणजे आपला संबंध दोन्हीकडून येतो.

पुढच्या दाराने गिऱ्हाईक आत येतं. तिथे उजेड असतो, फरशी चकचकीत असते. माल मात्र मागच्या दाराने येतो. कामावरची माणसं त्या जागेला ‘रिसिव्हिंग’ म्हणतात, कुणी मालधक्का म्हणतं. सकाळी दुकान उघडायच्या आत तिथे दुधाची गाडी, भाजीचा टेम्पो, किराण्याचा ट्रक असे एकामागून एक येऊन उभे राहतात. जागा अरुंद आणि सगळ्यांनाच घाई. बायकांना कामावर घेतात ते पॅकिंगला, नाहीतर माल फळीवर लावायला. पण गाडी आली आणि माणूस कमी पडला, की हाक येते, “ताई, जरा मागे या.” हे ‘जरा मागे’चं काम कसं करायचं, हे मात्र बहुतेक ठिकाणी कुणी शिकवत नाही.

म्हणून आम्ही आज जे सांगणार आहोत, त्यातलं एक वाक्य आधीच सांगून ठेवतो. बाकी विसरलात तरी चालेल, हे विसरू नका: गाडी बंद झाल्याशिवाय आणि चावी बाहेर आल्याशिवाय मालाला हात लावायचा नाही.

गाडी मागे येते तेव्हा

ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला आरशात दोन्ही बाजू दिसतात, पण अगदी पाठीमागचं दिसत नाही. तिथे उभी असलेली बाई त्याच्या दृष्टीने नसतेच. आपल्याला वाटतं, एवढा मोठा ट्रक आपल्याला दिसतोय म्हणजे त्यालाही आपण दिसत असू. तसं नसतं. गाडीची मागची बाजू आणि भिंत किंवा ओटा यांच्या मध्ये माणूस सापडला, तर गाडीचा वेग कितीही कमी असला तरी जीव जाऊ शकतो. म्हणून गाडी हलत असताना त्या मधल्या जागेत कुणीही जायचं नाही. पडलेलं खोकं उचलायलाही नाही.

इशारा एकाच माणसाने करायचा. चौघी चार बाजूंनी “येऊ द्या, येऊ द्या” ओरडल्या, तर ड्रायव्हरने कुणाचं ऐकायचं? इशारा करणारीने बाजूला, ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा जागी उभं राहायचं. ती दिसेनाशी झाली की गाडी थांबवायची, हे ड्रायव्हरशी आधीच ठरवून घ्यायचं. पदर कमरेला खोचलेला, ओढणी मागे गाठ मारलेली आणि मोबाइल पिशवीत असावा.

गाडी लागली की क्रम ठरलेला: इंजिन बंद, हँडब्रेक वर, चाकाखाली लाकडी ठोकळा आणि चावी माल उतरवून घेणाऱ्याच्या हातात. चावी कशाला, असं कुणी विचारेल. ड्रायव्हरला पुढच्या दुकानात जायचं असतं. शेवटचं खोकं उतरलं असं समजून त्याने गाडी सुरू केली आणि त्याच वेळी कुणाचा एक पाय गाडीत, एक ओट्यावर असला तर? चावी त्याच्याजवळ नसेल तर ही वेळच येणार नाही.

काही दुकानांत गाडी तळघरात लागते. तिथे इंजिन चालू ठेवू देऊ नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड झालं, मळमळ सुटली, तर आधी सगळ्यांनी मोकळ्या हवेत यायचं.

गाडीचं दार उघडतानाही घाई नको. रस्त्यात खड्डे असतात आणि माल आतून दाराला टेकलेला असतो. दारासमोर उभं न राहता बाजूला उभं राहून एकच झडप हळू उघडायची. काही पडायचं असलं तर ते जमिनीवर पडू द्यावं, झेलायला जाऊ नये.

“आम्हाला ओझ्याची सवय आहे”

हे वाक्य आम्ही गटाच्या प्रत्येक बैठकीत ऐकतो. खरंच आहे ते. लहानपणापासून डोक्यावर हंडा, सरपणाची मोळी, गवताचा भारा. पण सवयीने ओझं हलकं होत नाही, दुखणं अंगावर काढायची ताकद तेवढी येते. आणि डोक्यावरचं ओझं वेगळं, वाकून उचललेलं वेगळं. हंड्याचं वजन सरळ मणक्यावर येतं. खोकं वाकून, हात लांब करून उचललं, की कमरेवर त्याचा कितीतरी पट ताण येतो.

ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने यासाठी अंदाजे आकडे दिले आहेत. बाईने कमरेच्या उंचीवर, अंगाजवळ धरून उचलायचं असेल तर १६ किलोपर्यंत. तेच हात लांब करून धरायचं असेल तर १० किलो. जमिनीवरून उचलायचं असेल तर अंगाजवळ धरूनही ७ किलो, आणि डोक्याच्या उंचीवर ठेवायचं तरीही ७. तेही तासाला तीसेक वेळा असेल तर. त्याहून जास्त वेळा उचलायचं असेल तर आकडा आणखी खाली येतो. हे आकडे म्हणजे कायदा नाही, पण त्यातून एक गोष्ट कळते: ओझं किती, याबरोबर ते कुठून कुठे उचलायचं हेही मोजलं पाहिजे.

आता आपल्याकडचा हिशेब करू. एक लिटरच्या बारा तेलपिशव्यांचं खोकं अकरा किलोंच्या आसपास भरतं. ते टेबलावरून टेबलावर ठेवणं सोपं, जमिनीवरून उचलणं कठीण. साखरेचं पोतं ५० किलोचं. ते एकटीने उचलायचं नाहीच, दोघींनीही नाही. त्याला ट्रॉलीच हवी.

उचलताना पाय थोडे फाकवून खोक्याच्या जवळ जायचं. कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकायचं. खोकं पोटाजवळ घ्यायचं आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. वळायचं असेल तर पाय वळवायचे, कंबर पिळायची नाही. आणि त्याआधी, खोक्यावर वजन छापलेलं असतं ते वाचायचं.

एक गोष्ट आपण चारचौघांत बोलत नाही, पण आम्ही बोलणार आहोत. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे काही महिने जड उचलणं टाळलंच पाहिजे. वर्षानुवर्षं जड ओझी उचलल्याने अंग बाहेर येण्याचा त्रासही वाढतो. खाली ओढल्यासारखं वाटत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, तर लाज न बाळगता आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात दाखवा. आणि कामावर “मला जड उचलता येणार नाही” एवढं सांगितलं तरी पुरे. कारण सांगायची सक्ती नाही.

ओटा, ट्रॉली, थप्पी

माल उतरवायचा ओटा साधारण छातीएवढा उंच असतो. मागे मागे चालत माल ओढताना त्याच्या कडेवरून पडायला होतं. म्हणून कडेला पिवळा पट्टा मारून घ्यायला सांगा. गाडी आणि ओटा यांच्यात टाकलेली फळी हलत असेल तर तिच्यावरून जाऊ नका. दुधाच्या क्रेटमधून पाणी गळतं, भाजीचा पाला पडतो, पावसाळ्यात तर सगळंच ओलं. आधी पुसायचं, मग माल.

हँडपॅलेट, म्हणजे हाताने चालवायची ती काट्यांची ट्रॉली, शक्यतो ढकलावी, ओढू नये. उतारावर तिच्या खालच्या बाजूला कुणी उभं राहू नये. भरलेली ट्रॉली पायावरून गेली तर बोटं चिरडतात. त्यामुळे चपला, स्लीपर नकोत. पुढून बंद असलेले मजबूत बूट हवेत, आणि ते मालकाने द्यायचे.

थप्पी लावताना जड माल खाली, हलका वर, आणि उंची आपल्या छातीपर्यंतच. थंड खोलीत जायच्या आधी तिचं दार आतून उघडतं का, ते पाहून घ्या आणि बाहेर कुणाला तरी सांगून जा.

घाईला काय उत्तर द्यायचं?

हे सगळं कळतं, पण साहेब ओरडतात त्याचं काय? प्रश्न खरा आहे. नोकरी जाईल ही भीती असते, आणि भांडून रोज काम होत नाही. आम्ही बायकांना एक साधं वाक्य सुचवतो: “सर, गाडी बंद होऊ दे, लगेच उतरवते.” यात नकार नाही, आणि आपण काही चूकही मागत नाही. एकीने म्हटलं तर उर्मटपणा वाटेल, चौघींनी रोज म्हटलं तर ती दुकानाची पद्धत होईल.

आपल्या राज्याला याचा अनुभव आहे. मुंबईच्या बाजारांत पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांना एके काळी कुणी वाली नव्हता. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या, मग जबाबदार कोण? अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली ते संघटित झाले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाची नोंद झाली, मंडळं आली, भविष्य निर्वाह निधी आला. काम कागदावर आलं तेव्हाच त्याला हक्क मिळाला.

आपल्या मुलींचंही तेच आहे. कागदावर ‘पॅकिंग’ आणि प्रत्यक्षात माल उतरवणं. उद्या कंबर धरली तर विचारतील, “तू तिथे गेलीसच कशाला?” म्हणून कामावर रुजू होताना विचारा: मला मागच्या गेटवर बोलावणार का? मग ते कामाच्या कागदात लिहाल का? शिकवणार कोण? बूट, हातमोजे मिळतील का? माझा ईएसआय क्रमांक काय?

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. सध्या महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना तो लागू होतो. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. ठेकेदारामार्फत लागलेल्या बाईलाही तो मिळतो. कामावर इजा होऊन तीन किंवा जास्त दिवस घरी बसावं लागलं, तर सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी नोकरीला अमुक इतके महिने झाले असण्याची अट नाही. पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात दिसते का, ते बघा.

लागलंच तर

१०८ ला फोन करा. पाठीला किंवा मानेला मार असेल तर आणखी धोका नसल्यास माणसाला हलवू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. दुकानाच्या अपघाताच्या वहीत त्याच दिवशी नोंद करून घ्या, पाहणाऱ्यांची नावं लिहा, त्या पानाचा फोटो काढून ठेवा. दवाखान्यात “घरी पडले” असं सांगू नका, कुणी सांगायला लावलं तरी. “कामावर लागलं” हेच सांगा, म्हणजे केसपेपरवर तसं लिहिलं जाईल. पुढची सगळी भरपाई त्या दोन शब्दांवर उभी असते.

आपल्या गटाचा माल नेताना

आपणही माल पोचवणाऱ्या आहोत, तेव्हा सुरुवात आपल्यापासून करू. एका खोक्यात दहा किलोंहून जास्त माल भरू नका. म्हणजे कंबर आपलीही वाचेल आणि ते उतरवून घेणाऱ्या मुलीचीही. वजन खोक्यावर ठळक लिहा. टेम्पोत मालावर बसून जाऊ नका. दुकानाशी उतरवायची वेळ ठरवून घ्या, म्हणजे मोठ्या ट्रकच्या गर्दीत सापडायचं नाही. आणि आपल्या टेम्पोवाल्या दादांनाही चावीचा नियम सांगा.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं काढा. गटातल्या कुणाच्या घरची मुलगी, सून अशा दुकानात जाते, त्यांची नावं काढा. तिला विचारा: मागच्या गेटवर बोलावतात का? गाडीची चावी कोण घेतं? पायात काय असतं? ईएसआय आहे का? चार प्रश्न, चार उत्तरं, गटाच्या वहीत लिहा. जिची उत्तरं ‘नाही’ अशी येतील, तिच्यासोबत गटातल्या दोघीतिघींनी दुकानात जाऊन साहेबांशी नीट बोला. आपण त्याच दुकानाच्या गिऱ्हाईक आहोत, माल देणाऱ्याही आहोत. आपलं ऐकून घ्यावंच लागेल.

काळजी घ्या, मैत्रिणींनो. नमस्कार.