खुब्याची झीज आणि आघातलहरी

आषाढी वारींत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, बेलवाडी, निमगांव केतकी या वाटेनें इंदापुरास येते. ज्या वृद्धाचा खुबा झिजला आहे, त्यास दिंडीबरोबर चालणें दूरच राहिलें. ओट्यावरून उठून दर्शनास जाणेंही जड जातें. वर्षानुवर्षें शेतीचें कष्टाचें काम करणाऱ्यांत ही झीज अधिक आढळते, असें पाश्चात्य देशांतील पाहणींत दिसून आलें आहे; तेव्हां उसाच्या या मुलखांत तिचें नवल नाहीं. अशा घरांतून आतां एक प्रश्न निघतो : आघातलहरींनीं, म्हणजे ‘शॉकवेव्ह’नें, हें दुखणें जाईल काय ?

नांवावरून विजेचा झटका मनांत येतो. पण तसें कांहीं नाहीं. यंत्राची मूठ त्वचेवर टेकवितात आणि तींतून दाबाच्या तीव्र लहरी शरीरांत शिरतात. १९८० सालीं म्युनिक येथें अशा लहरींनीं, शरीर न कापतां, रुग्णाच्या मूत्रपिंडांतील खडा प्रथम फोडण्यांत आला. पुढें टांच व खांदा येथील कंडरांच्या, म्हणजे स्नायूंस हाडाशीं जखडणाऱ्या दोरांच्या, जुनाट दुखण्यावर त्यांचा उपयोग होऊं लागला.

सांध्याची गोष्ट निराळी. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडांतील वाटींत फिरतो. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचें अस्तर असतें. झिजेच्या संधिवातांत तें विरत जातें. विरलेलें अस्तर रुग्णाच्या खुब्यांत लहरींनीं पुन्हां उगवतें, असें सिद्ध झालेलें नाहीं. वेदना कमी झाल्याचे जे प्रयोग आहेत, ते बहुतांशीं गुडघ्यावरील आहेत.

म्हणून उसाच्या बिलांतून राखलेला पैसा मोजण्यापूर्वीं, दुखतें कोठें, हें पाहिलें पाहिजे. सांधा झिजला असेल तर वेदना बहुधा जांघेंत उठते, केव्हां गुडघ्यापर्यंत उतरते, आणि मांडी घालून बसणें कठीण होतें. उलट, कुशीवर निजतांना बाहेरच्या अंगास, हाडाच्या उंचवट्यावर दुखत असेल, तर दोष बहुधा कंडरांचा असतो. तेथें आघातलहरींनीं पुष्कळांस आराम पडतो. ‘कंबर धरली’ या एकाच तक्रारींत हे दोन्ही रोग लपूं शकतात. त्यांची निवड तपासणीनें व क्ष-किरण चित्रानें होते, यंत्राच्या जाहिरातीनें नव्हे. बारामतींत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

झिजलेल्या खुब्यास खरा आधार नियमित व्यायामाचा आणि वजन घटविण्याचा. काठी दुखऱ्या बाजूच्या उलट हातांत धरावी. उजवा खुबा दुखत असल्यास डाव्या. एवढें करूनही झोप मोडूं लागली व चालणें खुंटलें, तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. १९६२ सालीं इंग्लंडांत जॉन चार्नली यांनीं तिला आजच्या रूपाचा पाया घातला. त्या निर्णयास भिऊन लहरींच्या फेऱ्यांत वर्षें दवडूं नयेत.