जुनी मोटार आणि लांबचा प्रवास

नव्या मोटारीचा धनी प्रवासास निघताना केवळ वाटेचा विचार करतो. जुन्या मोटारीच्या धन्यास आधी मोटारीचा विचार करावा लागतो. उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की सांगली, मिरज व कुपवाड येथील कित्येक घरांतून प्रवासाचे बेत चालू होतात. कोणास सहकुटुंब रत्नागिरीस समुद्रावर जावयाचे असते, तर कोणाची कन्या नागपुरास दिलेली असते. दारी वीस-पंचवीस वर्षांची मोटार उभी असते. ती वडिलांनी हौसेने घेतलेली, घरातील लहानथोरांचा तिच्यावर जीव जडलेला. ती विकून टाकावी असे कोणाच्या मनातही येत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच की, चार-पाच माणसे घेऊन घाट उतरण्याइतकी ती विश्वासास पात्र आहे काय?

अशा मोटारींविषयी या भागात ममत्व असल्यास नवल नाही. ज्या शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास दिलेले आहे, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली; आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट व पुढे पद्मिनी या मोटारी बाहेर पडल्या. पद्मिनीचे उत्पादन चालू शतकाच्या आरंभीच थांबले, आणि मुंबईतील तिच्या टॅक्सीनेही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्याचा निरोप घेतला. अँबॅसडर व मारुती ८०० यांचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. यांपैकी कोणतीही मोटार घेतली तरी तिने तारुण्य केव्हाच मागे टाकले आहे, हे उघड आहे.

परंतु मोटारीचे वय मोजण्यात बहुतेकांची गफलत होते. "गाडी वर्षभर दारातच उभी होती, फारशी चाललीच नाही," असे धनी अभिमानाने सांगतो. वस्तुतः मोटारीस दोन वये असतात. एक वय किलोमीटरमध्ये मोजतात, दुसरे पंचांगाने. पिस्टन, बेअरिंग, गिअर हे लोखंडी भाग धावण्याने झिजतात. पण रबर, नळ्या, वॉशर, ब्रेकचे ऑईल, बॅटरी हे सारे उभ्या जागीही खराब होत राहते. दारात उभ्या असलेल्या मोटारीत झीज कमी असेल, परंतु कूज अधिक असते. म्हणून लांबच्या प्रवासाची तयारी ही मुख्यतः या कुजीचा शोध होय. आणि तो निघण्याच्या आदल्या दिवशी लागत नाही, त्यास निदान एक महिना हवा.

याचे सर्वांत गंभीर उदाहरण म्हणजे ब्रेक. चालकाच्या पायाचा दाब चारही चाकांपर्यंत वाहून नेतो तो नळीतील द्रव, म्हणजेच ब्रेक ऑईल. हा द्रव हवेतील ओल हळूहळू शोषून घेतो. डॉट ३ या जातीचे नवे ऑईल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तेच ओल धरून जुने झाले म्हणजे १४० अंशांच्या सुमारासही उकळू लागते. कुपवाडहून मिरजेपर्यंतच्या सपाट रस्त्यावर हा दोष कधीच कळून येत नाही. तीच मोटार कोल्हापूर व मलकापूर मागे टाकून आंबा घाटातून साखरप्याकडे उतरू लागते, वळणावळणाला ब्रेक दाबला जातो, ड्रम तापतात, त्यांची आच द्रवास लागते आणि नळीत वाफ धरते. द्रव दबत नाही, वाफ मात्र दबते. मग पायाखालचा ब्रेक अकस्मात तळाशी जातो आणि मोटार थांबत नाही. वर्षभर निर्दोष वाटलेला ब्रेक दरीच्या काठावर असा दगा देतो.

यावरील उपाय खर्चाचा नाही. दोन वर्षांहून जुने ऑईल पूर्णपणे काढून नवे भरावे व चारही चाकांतून हवा काढून घ्यावी. चाकांजवळच्या रबरी नळ्या वाकवून पाहाव्यात. भेग दिसली की बदलाव्यात. मास्टर सिलिंडर व चाकांचे सिलिंडर यांतील वॉशर नवे घालावेत, ड्रम उघडून लायनर तपासावे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या कुशल कारागिरांची वाण नाही. बाजारात न मिळणारा एखादा बुश किंवा पिन तेथे करून मिळू शकेल. पण ब्रेकच्या बाबतीत अशी जुळवाजुळव कदापि करू नये. आणि इतके करूनही घाट उतरताना सारा भार ब्रेकवर न टाकता खालच्या गिअरमध्ये उतरावे. चढताना जो गिअर लागेल तोच उतरताना ठेवावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे.

टायरची गोष्ट अशीच फसवी आहे. नक्षी खोल दिसते म्हणून टायर चांगला असे नव्हे. टायरच्या बाजूवर चार आकड्यांची एक खूण असते: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. बाजूच्या रबरावर बारीक भेगांचे जाळे दिसू लागले की तो बदलावा. स्टेपनीचेही वय पाहावे, कारण तिची आठवण बहुधा संकटातच होते.

नागपूरच्या वाटेवर परीक्षा निराळी असते. मिरजेहून कवठेमहांकाळ, सांगोला, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा हा पल्ला सातशे किलोमीटरच्या घरात जातो. येथे घाटापेक्षा ऊन अधिक जाचते. कित्येक जण रेडिएटरात वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी भरतात. त्यातील क्षार बारीक नळ्यांत साचतात. गावात फिरताना त्याचा उपद्रव होत नाही, पण मे महिन्याच्या दुपारी तासन् तास धावताना एंजिन तापते. म्हणून रेडिएटर साफ करून त्यात योग्य प्रमाणात कूलंट भरावे, होज पाइप दाबून पाहावेत, फॅन बेल्ट व रेडिएटरचे झाकण नवे घ्यावे. एंजिन तापलेले असताना ते झाकण उघडण्याचा उतावीळपणा मात्र कोणीही करू नये; आतील पाणी दाबाखाली असते व ते उसळून हातातोंडावर येते.

पेट्रोलचा विचार ही अलीकडची बाब आहे. २०२५ सालापासून देशातील पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. हे इथेनॉल काही अंशी उसापासून होते, म्हणजे कृष्णाकाठचा ऊसही त्यास हातभार लावतो. तथापि कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारी या मिश्रणासाठी घडविलेल्या नव्हत्या. इथेनॉल ओल धरते व जुन्या जातीचे रबर फुगवून ठिसूळ करते. यास्तव पेट्रोलच्या नळ्या व पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावेत, आणि टाकीत महिनोन् महिने पडून राहिलेले पेट्रोल घेऊन निघू नये. इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असल्याने पूर्वीच्या मायलेजच्या हिशेबावरही विसंबू नये.

कागदपत्रांसंबंधी थोडक्यात सांगावयाचे तर, खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ती मुदत, विमा व धुराचे प्रमाणपत्र ही तिन्ही पाहून ठेवावीत.

एवढे झाल्यावरही खरी परीक्षा रस्त्यावरच होते. पहिल्या आठवड्यात गावातल्या गावात फिरावे, दुसऱ्यात नरसोबाच्या वाडीस जाऊन यावे, तिसऱ्यात सारी मंडळी व सामान घेऊन दंडोबाकडील चढ चढून उतरावा. परत येताच चाकांजवळ हात धरून पाहावा. एक चाक इतरांहून अधिक तापले असेल तर तेथील ब्रेक धरून राहत आहे असे समजावे. रात्री मोटारीखाली पुठ्ठा पसरावा व सकाळी त्यावरील डाग पाहावेत. काळा डाग एंजिनच्या ऑईलचा, हिरवट डाग कूलंटचा. आणि चाकाच्या आतल्या बाजूस ओल दिसली तर ती ब्रेकची समजून मोटार तेथेच थांबवावी.

या परीक्षेत मोटार उतरली तर तिच्या धन्याने पाना, जॅक, जादा बेल्ट, प्लग, फ्यूज व पाण्याचा डबा बरोबर घेऊन सुखाने निघावे. ती उतरली नाही, तर ठरलेल्या दिवशी मंडळींनी एस.टी.ने अथवा मिरजेहून आगगाडीने जावे. मोटार पुढच्या सुट्टीपर्यंत दारात थांबू शकते. तिच्यावरील मायेपोटी घरातील माणसांचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार मात्र कोणासही नाही.